पार्श्वभूमी : टंगस्टन आणि ऑक्सिजनचं जुनं वैर

टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. सगळ्या धातूंत हा आकडा सर्वांत मोठा, त्यामुळे तो कितीही तापवला तरी टिकेल असं वाटतं. उघड्या हवेत मात्र ५०० अंशांच्या आसपासच तो झपाट्याने ऑक्साइड होऊ लागतो, आणि हजारच्या पुढे हा पिवळा ट्रायऑक्साइड वाफ होऊन उडून जातो. मग खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. या धातूचा इतिहास बव्हंशी ऑक्सिजनला दूर ठेवण्याचाच आहे.

१७८१ मध्ये स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने शीलाइट या खनिजातून टंगस्टिक आम्ल वेगळं केलं. १७८३ मध्ये स्पेनमधल्या एलुयार बंधूंनी वुल्फ्रमाइट या दुसऱ्या खनिजापासून तेच आम्ल मिळवलं आणि कोळशाने त्याचं क्षपण करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेऊन, धातू काढला. कोळशाची अडचण अशी की कार्बन धातूत शिरतो, कार्बाइड तयार होतं आणि माल ठिसूळ निघतो. म्हणून दिव्यातल्या तारेसाठी लागणाऱ्या शुद्ध भुकटीचं क्षपण हायड्रोजनने करतात, साधारण ७०० ते ९०० अंशांवर. हायड्रोजन कोरडाच हवा. वाफ साचली किंवा तबकात ऑक्साइडचा थर जाड झाला, तर कण भरड होतात.

विजेच्या दिव्यांतले १९०४ चे पहिले टंगस्टन तंतू हात लागताच मोडत. अमेरिकी संशोधक कूलिज यांनी १९१० च्या सुमारास भुकटी दाबून भाजलेली कांडी तापवून ठोकली, तापवूनच ओढली, आणि लवचीक तार हाती आली. तरीही दिवे आतून काळे पडत. त्याचं एक कारण पाण्याचा अंश. तापलेला तंतू पाण्यातला ऑक्सिजन घेतो, ऑक्साइड उडून काचेवर बसतं, सुटलेला हायड्रोजन तिथे त्याचं पुन्हा क्षपण करतो. काचेवर काळा धातू उरतो आणि पाणी मोकळं होऊन परत तंतूकडे जातं. म्हणजे थोडंसं पाणीही दिवा संपवायला पुरतं. ही साखळी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लॅंगम्यूर यांनी उलगडली. पाणी नसलं तरी निर्वातात धातूची वाफ होतेच, ती रोखायला त्यांनी १९१३ मध्ये दिव्यात निष्क्रिय वायू भरला.

आम्लांपुढे टंगस्टन खंबीर आहे. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक किंवा एकटं हायड्रोफ्लोरिक त्याला फारसं काही करत नाही. अम्लराजातही (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणातही) ऑक्साइडचा थर बसून क्रिया मंदावते. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक एकत्र आले की मात्र तो विरघळतो: पहिलं ऑक्साइड बनवतं, दुसरं ते धुऊन नेतं. वितळलेल्या सोडियम नायट्राइटमध्ये तापलेली कांडी बुडवली तर क्रिया इतकी जोरदार होते की वितळलेलं मीठ अंगावर उडू शकतं. चष्मा आणि हातमोजे नसतील तर हे करूच नये.

टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे टंगस्टनच्या कांडीच्या टोकाशी विजेचा आर्क पेटवून आणि भोवती आर्गॉन वायू सोडून केलेल्या जोडकामात, हेच वैर रोज दिसतं. आर्क विझल्यावर आर्गॉन लगेच बंद केला तर टोक निळं-काळं पडतं. दर १० अँपिअरला सुमारे १ सेकंद वायू चालू ठेवावा. टोक काळवंडलंच तर तेवढा भाग तोडून कांडीच्या लांबीच्या दिशेने पुन्हा घासावं. आडवं घासलं तर आर्क भरकटतो.