सक्तीची लष्करभरती, फ्रान्समधील

ठरावीक वयाच्या नागरिकांना कायद्याने ठरावीक मुदतीसाठी लष्करात दाखल करून घेण्याची पद्धत. तिचा आरंभ नेमका कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६८८ पासून उभारलेल्या ‘मिलीस’ या प्रांतिक दलासाठी पुढे गावोगाव चिठ्ठ्या टाकून माणसे निवडत. काही अभ्यासक या पद्धतीचे मूळ तेथे शोधतात. बहुधा मात्र फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारने २३ ऑगस्ट १७९३ रोजी काढलेल्या ‘लव्हे आं मास’ (सरसकट भरती) या हुकुमाला अग्रमान दिला जातो. त्यात कोणालाच मोकळे सोडलेले नाही : तरुणांनी लढावे, विवाहितांनी शस्त्रे घडवावीत, स्त्रियांनी तंबू व कपडे शिवावेत, मुलांनी जुन्या कापडाचे धागे उसवून जखमांसाठी द्यावेत आणि वृद्धांनी चौकात बसून लढणाऱ्यांना हुरूप द्यावा. तथापि प्रथम पाठविले जाणार होते ते १८ ते २५ वयाचे अविवाहित पुरुष व निपुत्रिक विधुर. शिवाय हा आणीबाणीचा उपाय होता. जन्मवर्षानुसार याद्या करून २० ते २५ वयाच्या तरुणांचे पाच वर्ग पाडणारी कायम व्यवस्था ५ सप्टेंबर १७९८ च्या, सेनापती झूर्दां याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने आली. त्यामुळे आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

समतेच्या नावाने आलेला हा भार समान मात्र नव्हता. फेब्रुवारी १७९३ मधील तीन लाख माणसांच्या मागणीतून पश्चिम फ्रान्समधील व्हांदे प्रदेशात बंड पेटले. नेपोलियनच्या काळात पैसेवाला बदली माणूस देऊन सुटे. गरीब रानात पळे, किंवा पुढचे दात पाडून घेई, कारण बंदुकीचे काडतूस दातांनी फोडावे लागे. बदली देण्याची सोय १८७२ मध्ये बंद झाली, तरी पंधराशे फ्रँक भरणाऱ्या सुशिक्षितांना एका वर्षात सुटका मिळे. १९०५ च्या कायद्याने सर्वांना सरसकट दोन वर्षे लागू झाली.

हळूहळू भरती हा वयात आल्याचा सोहळा ठरला. लिआँ शहराजवळच्या व्हिलफ्रांश-स्यूर-सोन या गावी जानेवारीअखेरीस आजही विशीपासून दर दहा वर्षांच्या टप्प्यावरचे समवयस्क हातात हात गुंफून, टोपीला आपापल्या रंगाची फीत लावून रस्त्याने निघतात. विशीची हिरवी, तिशीची पिवळी. सैनिकी सेवेने खेडुतांना ‘फ्रेंच’ बनविले, हे मत प्रचलित आहे. शाळा व रेल्वे यांचा वाटाही तितकाच धरावा लागेल.

अल्जीरियाच्या युद्धातही (१९५४–६२) भरती झालेले तरुण पाठविले गेले. विवेकबुद्धीने शस्त्र नाकारणाऱ्यांना १९६३ मध्ये कायदेशीर स्थान मिळाले. १९९७ च्या कायद्याने सेवा रद्द नव्हे, स्थगित झाली. सोळाव्या वर्षी नावनोंदणी मात्र कायम आहे.