भर समुद्रातली सीमारेषा

समुद्रातला नेमका कुठला तुकडा राखायचा? जमिनीवर निदान जंगल डोळ्यांना दिसतं, भर समुद्रात चहूकडे पाणीच. पण त्या पाण्यात खाणं सगळीकडे सारखं नसतं. थंड आणि उबदार प्रवाह भिडतात तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतं, प्लवकामागे छोटे मासे येतात आणि माशांमागे पक्षी. म्हणजे पक्षी कुठे जमतात ते कळलं की राखायचा तुकडाही कळतो.

पक्ष्यांची एक मोठी सोय म्हणजे अंडी घालायला त्यांना जमिनीवर यावंच लागतं, आणि बरेचसे तर दरवर्षी त्याच घरट्यावर येतात. त्यामुळे यंदा पायात अडकवलेला जिओलोकेटर पुढच्या हंगामात त्याच पक्ष्याच्या पायातून काढून घेता येतो. ग्रॅम-दीड ग्रॅमचं हे यंत्र उजेड कधी झाला आणि कधी मावळला एवढंच टिपतं. दिवस किती लांब होता त्यावरून अक्षांश, मध्यान्ह केव्हा झाली त्यावरून रेखांश. शे-दोनशे किलोमीटरची चूक सहज होते. विषुवदिनाच्या आसपास तर जगभर दिवस सारखाच, मग अक्षांश सांगणार कशावरून? तरी महासागराच्या मापात एवढं पुरतं.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आर्क्टिक सुरय पक्ष्यांच्या पायात अशीच यंत्रं होती. वर्षाला सरासरी 70,900 किलोमीटर उडणारे हे शंभरेक ग्रॅमचे पक्षी दक्षिणेला जाताना उत्तर अटलांटिकच्या मधोमध जवळजवळ महिनाभर थांबले होते! पुढे 21 जातींच्या समुद्रपक्ष्यांचे मार्ग एकावर एक मांडले, तर त्याच टापूत झुंबड. थेट दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्या बेटांवर घरटी करणारे ग्रेट शीअरवॉटर हे समुद्रपक्षीही तिथे हजर. एकूण पक्षी 50 लाखांपर्यंत असावेत असा अंदाज निघाला. 2021 मध्ये ऑस्पार या ईशान्य अटलांटिकच्या पर्यावरणरक्षणासाठीच्या करारातल्या देशांनी तिथलं सुमारे 6 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षित जाहीर केलं.

मात्र तिथली मासेमारी आणि जहाजवाहतूक ऑस्पारच्या हातात नाही, त्यांचे नियम वेगळ्या संस्था करतात. मला ही उणीव लहान वाटत नाही.

नकाशातही एक भोक आहे. यंत्र परत मिळतं ते घरट्यावर येणाऱ्या प्रौढ पक्ष्यांकडून. शीअरवॉटरचं पिल्लू एकदा उडालं की कित्येक वर्षं जमिनीकडे फिरकत नाही. त्याच्यासाठी उपग्रहाशी थेट बोलणारं यंत्र लागतं, आणि ते जास्त जड असतं.