मांडे, रस आणि चहातली गोळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरला आप्पांकडे जेवायला होतो. खापरावरचे मांडे, वाटीभर आमरस, वर तुपाची धार. जेवणं उरकल्यावर चहा आला. आप्पांना बारा वर्षांपासून शुगर आहे, म्हणून त्यांनी खिशातून छोटी डबी काढली आणि साखरेऐवजी कृत्रिम गोडव्याच्या दोन गोळ्या कपात सोडल्या. मोबाइलमधून डोकं वर न काढता नातू म्हणाला, “आजोबा, त्यानं कॅन्सर होतो.”

“इतलीशी गोयी शे, काय व्हस?” आप्पांनी चहा ढवळला.

मला त्या वेळी रसाच्या वाटीची जास्त काळजी वाटत होती. पण ते नंतर.

गोळीची भीती जुनी आहे. पहिला कृत्रिम गोडवा म्हणजे सॅकरीन. 1879 साली अमेरिकेत कॉन्स्टन्टिन फालबर्ग हा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतून आला आणि हात न धुताच जेवायला बसला. पाव गोड लागला, तेव्हा हाताला काय लागलंय ते त्याच्या लक्षात आलं. सुक्रालोजची कथा तर आपल्याला घरची वाटावी अशी आहे. 1976 साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवत होते. प्राध्यापकांनी सांगितलं, हे संयुग ‘टेस्ट’ कर, म्हणजे तपास. फडणीसांना ऐकू आलं, चाखून बघ. आपण देवनागरीत दोन्ही शब्द ‘टेस्ट’ असेच लिहितो, त्यामुळे निदान आपण तरी त्यांना हसू नये. तो पदार्थ साखरेच्या सुमारे 600 पट गोड निघाला.

सॅकरीनवर कॅन्सरचा शिक्का बसला तो उंदरांमुळे. भरपूर सॅकरीन खाल्लेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या आणि 1977 पासून अमेरिकेत पाकिटांवर इशारा छापला जाऊ लागला. पुढे कळलं की नर उंदराच्या लघवीची घडणच अशी आहे की तिच्यात सॅकरीनमुळे बारीक खडे धरतात आणि ते मूत्राशयाचं अस्तर घासून काढतात. माणसात तसं घडत नाही. 2000 साली तो इशारा काढला. बातमी मात्र मागे राहिली.

नातवाने वाचलेली बातमी 2023 च्या जुलैमधली असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तेव्हा आप्पांच्या गोळीतलं अ‍ॅस्पार्टेम ‘2 बी’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ ‘कदाचित कर्करोगकारक’, पुरावा तोकडा. ही यादी फक्त एवढंच सांगते की अमुक गोष्टीमुळे कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे. किती खाल्लं तर होईल, हे ती सांगत नाही. सर्वांत भक्कम पुराव्याच्या ‘गट 1’ मध्ये भुसावळचं ऊन आहे, तंबाखू आहे आणि सुपारीही आहे. हे मी सांगत होतो तेव्हा आप्पांच्या मांडीवर अडकित्ता होता. तो त्यांनी सावकाश गादीखाली सरकवला.

किती, याचं उत्तर देणारी समिती वेगळी. तिने त्याच महिन्यात जुनी मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 40 मिलिग्रॅम. आप्पांचं वजन 60 किलो, म्हणजे 2400 मिलिग्रॅम. एका गोळीत अ‍ॅस्पार्टेम साधारण 20 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे दिवसाला 120 गोळ्या. एवढा चहा आप्पासुद्धा पीत नाहीत.

मग काळजीचं काहीच नाही? आहे, पण ती दुसरीकडे. 2023 च्याच मे महिन्यात आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या कृत्रिम गोड पदार्थांवर विसंबू नका. थोड्या दिवसांच्या प्रयोगांत वजन किंचित उतरतं. पण वर्षानुवर्षं माणसांवर नजर ठेवलेल्या अभ्यासांत हे पदार्थ खाणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसले. यात एक मेख आहे. ज्यांचं वजन आधीच वाढलेलं असतं तेच गोळीकडे वळतात, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे सुटं करता येत नाही. शिवाय ही शिफारस ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नाही. ती आप्पांसाठी नव्हती, नातवासाठी होती.

मला जास्त विचार करायला लावणारा अभ्यास इस्रायलचा, 2022 चा. एरवी असे पदार्थ न खाणाऱ्या 120 निरोगी माणसांवर दोन आठवडे केलेला. सॅकरीन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांच्या रक्तातली साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली दिसली, आणि मात्रा ठरलेल्या मर्यादेच्या आतच होती. आतड्यातले जिवाणू बदलले होते. तेही प्रत्येकाचे सारखे नाहीत, कुणाचे जास्त, कुणाचे नाममात्र. जिभेला फसवता येतं, पण तीच वस्तू पुढे आतड्यातल्या जिवाणूंपाशीही पोचते, हे आपण विसरून गेलो होतो.

दोन बारीक गोष्टी. अ‍ॅस्पार्टेम उकळलं की फुटतं आणि गोडी जाते, म्हणून गोळी पातेल्यात न घालता कपात टाकायची. आणि ज्यांना फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात, दुर्मिळ आजार आहे त्यांनी अ‍ॅस्पार्टेम टाळायचंच. पाकिटावर ते लिहिलेलं असतं.

आता रसाची वाटी. शंभर ग्रॅम आंब्यात चौदा ग्रॅमच्या आसपास साखर. आप्पांची वाटी दोनशे ग्रॅमची होती, आणि ती एकदा नव्हे, दोनदा भरली गेली. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वर. मांड्यातली कणीक, डाळ, गूळ वेगळं. दोन गोळ्यांनी वाचवलेली साखर होती दोन चमचे, आठ-दहा ग्रॅम.

दुपारी आप्पांनी बोटाला सुई टोचून घेतली. आकडा आला 291. नातवाने लगेच डबीकडे बोट दाखवलं. काकू काही बोलल्या नाहीत. रसाचं पातेलं उचललं आणि आत घेऊन गेल्या.