जेरी राईस: 'स्लो' म्हणून हिणवलेला रिसीव्हर सगळ्यांच्या पुढे कसा गेला

अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हरचं काम ऐकायला अगदी सोपं वाटतं, क्वार्टरबॅकने (टीमचा बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) फेकलेला बॉल पळता पळता पकडायचा आणि कुणी आडवं पाडेपर्यंत पुढे पळत सुटायचं. त्यामुळे या जागेसाठी माणूस निवडताना सगळे पहिल्यांदा स्पीड बघतात. आणि या जागेवरचे बहुतेक सगळे मोठे रेकॉर्ड ज्याच्या नावावर आहेत त्या जेरी राईसबद्दल 1985 च्या ड्राफ्टआधी (टीम्स पाळीपाळीने कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तक्रार काय, तर पोरगा स्लो आहे. 40 यार्डाला 4.6-4.7 सेकंद लागतात म्हणे.

राईस मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या खेडेगावातला, जन्म 1962 चा. वडील गवंडी. उन्हाळ्यात पोरं वडिलांच्या हाताखाली कामाला, जेरी वर परांचीवर उभा आणि भाऊ खालून विटा फेकायचे, एकेक नाही तर तीन-चार एकदम, आणि त्या याने झेलायच्या. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की तिला थोडं मीठमसाला लागला असणारच, पण राईस स्वतःच सांगतो, म्हणजे मुळात खरी आहे. फुटबॉलमध्ये आला तोही अपघातानेच. शाळेला दांडी मारताना सर मागून आले, हा जीव घेऊन पळाला, सरांनी ते पळणं बघितलं आणि शिक्षेसोबत फुटबॉल टीममध्येही घातला.

मोठ्या कॉलेजांनी फारशी दखल घेतली नाही म्हणून तो गेला इट्टा बेनाच्या मिसिसिपी व्हॅली स्टेटला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेलं छोटं कॉलेज, पण तिथले कोच आर्ची कूली भलतेच डोकेबाज होते. सगळा देश बॉल घेऊन पळत असताना यांची टीम फेकतच सुटायची, चार-चार रिसीव्हर एकाच बाजूला उभे करायची, आणि क्वार्टरबॅक विली टॉटन बॉलमागून बॉल सोडायचा. 1984 च्या सीझनमध्ये एकट्या राईसने 27 टचडाउन (बॉल समोरच्या टीमच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेला स्कोअर) पकडले. आता त्या कॉलेजच्या स्टेडियमला दोघांचंही नाव आहे.

इथे जरा मागे जायला हवं, कारण हा माणूस दहा वर्षं आधी जन्मला असता तर कदाचित वेगळंच चित्र दिसलं असतं. 1978 पर्यंत डिफेन्सवाले रिसीव्हरला धक्काबुक्की करत मैदानभर अडवू शकायचे. त्या वर्षी नियम बदलला, पाच यार्डांच्या पुढे हात लावायचा नाही. मग धक्के सोसणाऱ्या आडदांड माणसापेक्षा ठरलेल्या जागी ठरलेल्या क्षणाला पोचणारा माणूस महाग झाला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे कोच बिल वॉल्श यांचं सगळं तंत्रच त्यावर उभं होतं, छोटे पास, पक्कं टायमिंग, रिसीव्हर वळायच्या आधीच बॉल हातातून सुटलेला. ऑक्टोबर 1984 मध्ये ह्यूस्टनच्या हॉटेलात टीव्हीवर त्यांना राईसच्या क्लिप्स दिसल्या आणि ते अडकलेच. ड्राफ्टमध्ये न्यू इंग्लंडच्या टीमला आपले पिक्स (निवडीच्या पाळ्या) देऊन वॉल्श वर सरकले आणि 16 व्या नंबरवर त्याला उचललं. त्याच्या आधी दोन रिसीव्हर गेले होते, अल टून आणि एडी ब्राउन.

पहिलं वर्ष तसं वाईटच गेलं. हातातले बॉल सुटायचे, घरचंच पब्लिक हुर्यो करायचं. मग डिसेंबरात रॅम्स टीमविरुद्ध 241 यार्ड काढले (म्हणजे पास पकडून टीमला तेवढं अंतर पुढे नेलं) आणि आवाज बंद झाले. 1987 मध्ये खेळाडूंच्या संपामुळे 12 च मॅच मिळाल्या, त्यात 22 टचडाउन! जानेवारी 1989 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, सिनसिनाटीविरुद्ध 215 यार्ड आणि एमव्हीपी (मॅचचा सर्वोत्तम खेळाडू), जरी जिंकून देणारा शेवटचा कॅच जॉन टेलरचा होता. एकूण तीन सुपर बोल जिंकले.

ऑफ सीझनमध्ये तो टीममधल्याच रॉजर क्रेगबरोबर सॅन कार्लोसजवळच्या एका टेकडीवर पळायला जायचा, अडीच मैलांची चढण, नुसती 'द हिल' म्हणूनच प्रसिद्ध. नवीन पोरं हौसेने यायची आणि निम्म्यात बसून ओकायची.

1997 च्या पहिल्याच मॅचमध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटले. माणूस डिसेंबरात परत मैदानात, टचडाउन काढला आणि त्याच कॅचमध्ये गुडघ्याची वाटी तडकली. इतकी घाई का केली देव जाणे. पण त्यानंतरही पूर्ण सात सीझन खेळला. ओकलंडकडून 40 व्या वर्षी सुपर बोलमध्ये टचडाउन केला (टीम सपाटून हरली ती गोष्ट वेगळी), मग सिएटल, आणि 2005 मध्ये डेन्व्हरच्या कॅम्पमध्ये मागच्या रांगेत बसावं लागणार हे दिसल्यावर रिटायर झाला.

2015 मध्ये त्यानेच बोलता बोलता सांगून टाकलं की ग्लव्ह्जवर स्टिकम मारायचो, म्हणजे 1981 पासून बंदी असलेला चिकट पदार्थ. वर म्हणे सगळेच मारायचे. टीका झाली आणि ती योग्यच होती, माझ्या मते तरी. पण राईसचे 22,895 यार्ड आणि दुसऱ्या नंबरवरच्या लॅरी फिट्झजेराल्डचे, तेही 17 सीझन खेळून, 17,492. मधल्या साडेपाच हजाराच्या आसपासच्या फरकात पुष्कळ चांगल्या रिसीव्हरांचं अख्खं करिअर बसतं.