असईचा पट उघडण्याआधी

नमस्कार. खेळाची नियमपुस्तिका खोक्यात वेगळी आहे. पट मांडून झाला की गिऱ्हाईक हमखास विचारतं, “हे असं खरंच झालं होतं का?” त्यासाठी हा कागद.

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांवर सेनापती आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज चालून आली. मध्ये कैलना नदी. इथे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. एवढी जवळची गावं आणि लोकांची ये-जा नाही, असं कसं होईल? त्याने तिथेच उतार शोधायला लावला, आणि उतार सापडला.

हे पटावर आणताना आमची पंचाईत झाली. नकाशा हुबेहूब छापला तर उतार कुठे आहे ते दोघांनाही आधीच ठाऊक, मग वेलस्लीला पडलेला पेच तुम्हाला पडणारच नाही. म्हणून नदीच्या तीन घरांत चिठ्ठ्या उपड्या ठेवायच्या. एकीवर उतार, दोन कोऱ्या. नकाशापुरती ही लबाडी आहे. पण कोरी चिठ्ठी निघाल्यावर इंग्रज बाजूच्या खेळाडूचा चेहरा बघा, म्हणजे ती का केली ते कळेल.

दोन गोष्टींत मात्र आम्ही तडजोड केलेली नाही. पहिली, शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पायदळाच्या तुकड्या, वळतात. इंग्रज नदी ओलांडून बगलेवर आले, तेव्हा शिंद्यांच्या चाकरीतला युरोपियन अधिकारी पोलमन याने आपली कवायती पायदळाची रांग काटकोनात फिरवून त्यांच्यासमोर उभी केली. वेलस्लीला ही अपेक्षा नव्हती. मराठी फौज म्हणजे फक्त गनिमी कावा, असं समजून खेळायला बसणाऱ्यांनाही नसते. “हा नियम मराठ्यांच्या बाजूने झुकलाय,” अशी तक्रार येते. झुकलेला नाही, तसं घडलंय.

दुसरी गोष्ट तोफांची. इंग्रज पलटणी तोफा तुडवून पुढे गेल्या, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठ्यांचे काही गोलंदाज (तोफा चालवणारे) उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला. म्हणून आपल्याकडे जिंकलेली तोफ पटावरून उचलायची नाही, उलटी करून तिथेच ठेवायची. तिच्यावर पहारा न ठेवता पुढे गेलात तर पुढच्या पाळीत मराठ्यांनी फासा टाकायचा. सहा पडला की तोफ सुलटी.

घोडदळाचं मात्र आम्ही बदललं, ते कबूल करतो. प्रत्यक्षात मराठी घोडदळाचा फार मोठा भाग लढाईत उतरलाच नाही. तसंच ठेवलं तर मराठ्यांकडून खेळणारा अर्ध्या सोंगट्यांकडे नुसता बघत बसणार. मोकळं सोडून पाहिलं, तर शेजारच्या यंत्रमागाची खटखट ऐकत रविवारी चाललेल्या आमच्या चाचणीत इंग्रज चौथ्या पाळीतच हात टेकायचे. शेवटी पाच किंवा सहा पडल्याशिवाय घोडदळ हलत नाही, असं ठरवलं. आमच्यातल्या एकाला हे अजून पटलेलं नाही.

आणि हो, मराठ्यांना हरवलं म्हणजे इंग्रज जिंकलेच असं नाही. त्या दिवशी त्यांचे पंधराशेहून जास्त लोक मेले आणि जखमी झाले. तेवढ्या सोंगट्या गमावल्या तर आमच्या हिशेबात ती निसटती जीत.

निव्वळ इतिहास हवा असेल, तर चिठ्ठ्या खोक्यातच ठेवा, एक नंबरच्या घरात उतार धरा आणि घोडदळ मांडूच नका. डाव तासाभरात आटोपतो, मराठ्यांची बाजू घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा. पट सुती कापडाचा आहे, शेंगाचटणीचा डाग साबणाने निघतो (तपासून पाहिलंय). सोंगटी हरवली तर खोक्याच्या तळाशी छापलेल्या नंबरावर कळवा. सुट्या सोंगट्या आम्ही ठेवतो, तोफा सोडून. त्या सध्या संपल्यात.