भोक पडलं, पण पिल्लू बाहेर येईना

"अंड्याला भोक पडून दोन तास झाले, तरी पिल्लू आतच? टरफल सोला, नाहीतर गुदमरेल," हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो. पण श्वासाची सोय त्या भोकानेच झालेली असते. कोंबडीचं पिल्लू २१ व्या दिवसाच्या आसपास टरफल टोचतं आणि मग बहुतेकदा १२ ते २४ तास जवळजवळ गप्प राहतं. त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जातो, आतल्या पापुद्र्यातलं रक्त अंगात परततं. घाईने सोललं की तेच रक्त वाहतं.

खात्री करायचीय? चोच टाळून भोकाच्या कडेचा पापुद्रा ओल्या कापसाने हलकेच भिजवा. लाल शिरा दिसल्या, तर हात मागे. उबवणी यंत्राचं झाकण सारखं उघडणं मात्र खरंच वाईट: ओल जाते, पापुद्रा सुकून पिलाला चिकटतो. दिवस उलटून गेला, शिराही दिसत नाहीत, तेव्हाच भोकाभोवतीचे एकदोन तुकडे काढा.