कान्हेरी

मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटावरील वनाच्छादित डोंगरात कोरलेला बौद्ध लेणीसमूह. आज तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून सु. ६ किमी. आत आहे. प्राचीन कोरीव लेखांत कण्हगिरी, कृष्णगिरी ही नावे येतात. लेण्यांची संख्या सामान्यतः १०९ धरतात, मात्र अपुरी खोदकामे मोजायची की नाही यावर ती अवलंबून आहे. लेण्यांचे जुने व नवे क्रमांकही सर्वत्र जुळत नाहीत. त्यामुळे जुने लेखन वाचताना सावधगिरी बाळगावी.

आरंभकाळाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो इसवी सनापूर्वी नेतात, तथापि बहुतेक जुन्या लेखांचे अक्षरवळण इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांकडे झुकते आणि तोच आधार अधिक भरवशाचा वाटतो. एका विहारातील (भिक्षूंच्या निवासलेण्यातील) लेख सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षाचा आहे. त्यात कल्याणच्या एका उपासकाने लेणे देऊन भिक्षूंच्या खर्चासाठी अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारी ठेव, आणि मंगलस्थान गावातील शेत लावून दिल्याचे नोंदले आहे. हे गाव म्हणजे बोरिवलीजवळचे मागाठाणे, असे मानतात. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथील दाते लेखांत वारंवार भेटतात. डोंगर एकांताचा असला तरी मठ चालला तो बंदरांच्या पैशावर.

सर्वाधिक चर्चा झालेला लेख मात्र आहे एका पाण्याच्या पोढीवरचा (खडकात कोरलेल्या टाक्यावरचा), आणि तोही संस्कृतात. कार्दमक कुळातील महाक्षत्रप (पश्चिम भारतातील शक राजांची पदवी) ‘रु…’ याची कन्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी होती व सतेरक नावाच्या अमात्याने ही पोढी दिली, असे त्यातून निघते. क्षत्रपाचे नाव नेमके खंडित भागात आहे. ते रुद्रदामन असे पुरे केले, तर जुनागढच्या लेखातील (शक ७२, इ. स. १५०) एका विधानाशी मेळ बसतो. दक्षिणापथपती (दख्खनचा स्वामी) सातकर्णीला दोनदा जिंकूनही जवळच्या नात्यामुळे आपण त्याचा उच्छेद केला नाही, असे रुद्रदामन तेथे सांगतो. दोन्ही लेखांतील सातकर्णी एकच का, आणि ‘जवळचे नाते’ म्हणजे जावईच का, यावर मतभेद आहेत. रुद्रदामन हे वाचन बहुमान्य आहे. त्यापुढील वंशजुळणी तितकी पक्की नाही.

लेणे क्र. ३ हे मोठे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह. कार्ल्याचा आराखडा येथे समोर होता हे उघड आहे, पण कोरीवकाम त्या तोडीचे नाही. येथील खडक ज्वालामुखीजन्य व भरड असून झिजतोही लवकर. ओवरीतील सु. ७ मी. उंचीच्या बुद्धमूर्ती नंतरच्या, बहुधा पाचव्या-सहाव्या शतकांतील. चैत्यासमोरील स्तूपात १८३९ मध्ये त्रैकूटक (पश्चिम भारतातील एक राजवंश) संवत् २४५ (इ. स. ४९४-९५) चा ताम्रपट मिळाला होता, तो आता हरवला आहे. दरबार लेण्यातील लांब दगडी बाक वेरूळच्या पाचव्या लेण्याची आठवण देतात. लेणे क्र. ४१ मध्ये अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळचे शक ७६५, ७७५ व ७९९ चे लेख पाहता नवव्या शतकातही येथे भिक्षूंचा वावर होता. लेणे क्र. ९० मधील पहलवी (जुन्या इराणी भाषेतील) लेख इ. स. १००९ व १०२१ चे असून त्यांत भेटीस आलेल्या पारशांची नावे आहेत. पुढील शतकांबद्दल पुरावा विरळ होत जातो.

खोल्यांशेजारची टाकी, पन्हळी व पायऱ्या पावसाळ्यात नीट समजतात. याच डोंगरांचे पाणी अडवून १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव मुंबईसाठी बांधले गेले. उद्यानाचे क्षेत्र सु. १०३ चौ. किमी. असून जांभूळमाळ (सु. ४६८ मी.) हे त्यातील सर्वोच्च ठिकाण. वन बहुतांशी पानझडी असून बिबट्यांचा अधिवास आहे, कारवी हे झुडूप सु. आठ वर्षांनी एकदा फुलते. वारल्यांचे पाडेही उद्यानात आहेत.

लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे व जंगल वनखात्याकडे असल्याने प्रवेशशुल्क दोनदा द्यावे लागते. सोमवारी उद्यान बंद असते.